गच्चीवरची पांढरी डबी

(दृश्य: नागपूर, अंबाझरी लेआउट, दुपार. गच्चीवर पाण्याची टाकी, शेजारी लोखंडी पाइप.)

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरलं. टॉवर, इंटरनेट, वीज यांतलं काहीच नसताना शेजारच्या गल्लीला निरोप कसा द्यायचा? इथल्या काही घरांनी त्यासाठी लोरा रेडिओंचं, म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओंचं, जाळं बांधायचं ठरवलं. एका गच्चीवरचा रेडिओ संदेश ऐकतो आणि पुढे ढकलतो. फक्त मजकूर, तोही छोटा. फुलांचे गुड मॉर्निंग यातून जात नाहीत; काहींना तर तेच आवडलं.

(दृश्य: टेबलावर रेडिओची दोन बोर्डं.)

पहिलं बोर्ड स्वस्त म्हणून मागवलं, ते निघालं ४३३ मेगाहर्ट्झचं. आपल्याकडे अशा जाळ्यासाठी विनापरवाना लहरींचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. ते बोर्ड अजून खणात पडलंय.

पण खरी अडचण उन्हाची, कारण गच्चीवरच्या डबीतला रेडिओ चालणार सोलर पॅनल आणि सेलवर. ईएसपी३२ चिपचं बोर्ड साधारण १०० मिलिअँपिअर खातं, एनआरएफ५२ चिपचं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर ईएसपी३२चं जेमतेम सव्वा दिवस चालतं, एनआरएफ५२चं दहा-बारा दिवस. श्रावणात ऊन आठवडाभर तोंड दाखवत नाही, म्हणून गच्चीसाठी एनआरएफ५२चंच घेतलं.

मे महिन्यात उलटी गंमत. नागपूरचा पारा ४५च्या वर, बंद डबीत त्याहून जास्त. साधा लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि सोलर पॅनल नेमकं तेव्हाच भरभरून वीज देतं. मग सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचा घेतला, डबी पांढरी रंगवली आणि पॅनलच्याच सावलीत टांगली.

(दृश्य: पाइपाच्या टोकावर अँटेना बसवणारे हात.)

८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. तिचा पाव हिस्सा, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटरची तार, एवढाच साधा अँटेना. पण आधी अँटेना लावायचा, मगच वीज; नाहीतर रेडिओ जळू शकतो. रेडिओच्या खोक्यावर छापलेल्या पल्ल्याच्या किलोमीटरांवर जाऊ नका. कडुनिंबाच्या शेंड्यापेक्षा पाइप उंच आहे का, ते पाहा.

(दृश्य: काकू रेडिओला जोडलेल्या मोबाइलवर टाइप करताहेत.)

काकूंनी पहिला संदेश पाठवला: "पोहोचलं का रे?"

दोन गल्ल्या पलीकडच्या गच्चीवरून उत्तर आलं: "हो काकू. तुमची टाकी ओव्हरफ्लो होऊन राहिली, मोटर बंद करा."