तोडलेल्या उसातली साखर जाते कुठे?

नमस्कार श्रोतेहो. गाळप हंगाम आहे, वाळवा-पलूसकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आहे. तोडलेला ऊस शिळा व्हायच्या आत गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडावा, असा कारखान्याचा आग्रह का असतो? ऊस वाळतो, वजन घटतं, ते काट्यावर कळतंच. पण त्याच्या आत आणखी एक काम चालू असतं, ते काट्यावर दिसत नाही.

उसाच्या पेशींत इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. साखरेच्या रेणूचे ते पाण्याच्या मदतीने दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ऊस तोडला की या कामाला जोर येतो. फुटलेल्या साखरेचा दाणा बनत नाही, ती मळीत जाते आणि उतारा, म्हणजे उसामागे मिळणारी साखर, घटतो.

हीच साखर नुसत्या शुद्ध पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला ठेवली, विकर नाही, जंतू नाहीत, आम्ल नाही, तर निम्मी फुटायला सुमारे ४४० वर्षं लागतील! या आकड्याचं मला आजही नवल वाटतं. उसात काही दिवसांतच नुकसान दिसतं.

ही घाई होते कशी? रेणू फुटण्याआधी त्याला ऊर्जेचा एक चढ ओलांडावा लागतो. सांगलीहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा आपला चढ वाचवतो, तसं विकर हा चढ कमी करतं. विकराला खोबण असते. साखरेचा रेणू तिच्यात नेमका बसतो, त्याचा बंध तिथे तुटतो, तुकडे बाहेर पडतात आणि विकर जसंच्या तसं पुढच्या रेणूला मोकळं. म्हणूनच ते किंचितसं असलं तरी पुरतं.

१९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचं गणित मांडलं, तेही इन्व्हर्टेजवरच. साखर वाढवली की वेग वाढतो, पण सगळ्या खोबणी भरल्या की तिथेच थांबतो. द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल किती फिरतं, यावरून त्यांनी हे मोजलं. आपल्या कारखान्यांत रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, काढतात तो याच तत्त्वावर.

उन्हं तापली की विकराचा वेग वाढतो. फार तापवलं तर मात्र त्याची घडीच मोडते. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उकळला की इन्व्हर्टेज निकामी होतं. फडात ही सोय नाही. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू नका. ऊस ठेवायची वेळ आलीच, तर मोळ्या सावलीत रचा, पाचटाने झाका आणि वरून पाणी शिंपडा.