जागचा न हलणारा बेसिस्ट

(पडदा काळा. काही सेकंद फक्त बेस.)

मोबाईलवर पाहत असाल तर आधी हेडफोन लावा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. इतका खालचा सूर मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला पेलत नाही. 1960च्या दशकातल्या छोट्या रेडिओंची गतही तीच होती. बॅंडमध्ये एक बेसवाला असतो हे लोकांना फोटोवरून ठाऊक असायचं, कानांना त्याचा पत्ता क्वचितच लागायचा.

जॉन एंटविसलला हे मुळीच मान्य नव्हतं.

(जुनं चित्रीकरण. स्टेजच्या कडेला उभा एक माणूस.)

हा तो. 'द हू' या इंग्लिश रॉक बॅंडचा बेसिस्ट. शेजारी गिटारवाला पीट टाउनशेंड हात गरागरा फिरवत उड्या मारतोय, गायक रॉजर डाल्ट्री माईक वायरला धरून भिरकावतोय, मागे कीथ मून ड्रम्सवर तुटून पडलाय. आणि हा? बसची वाट पाहत असल्यासारखा उभा. पण नजर जरा खाली, त्याच्या बोटांवर आणा. सगळी धावपळ तिथं चालली आहे.

जन्म 1944चा, वाढला पश्चिम लंडनमधल्या चिझिकमध्ये. लहानपणी पियानो, मग ट्रम्पेट, मग फ्रेंच हॉर्न. 'द हू'च्या 'क्वाड्रोफेनिया' या अल्बममध्ये जी पितळी वाद्यं दणाणतात, ती यानंच वाजवलेली. ड्युएन एडीच्या गिटारमधला खर्जातला खणखणाट कानात बसला आणि हा बेसकडे वळला. विकतचा बेस परवडेना, तेव्हा पहिला बेस घरीच बनवला. शाळेनंतर काही काळ करखात्यात कारकुनी केली. ही नोकरी लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

'द हू'मध्ये गिटार एकच. मून ठेका धरून बसणाऱ्यांतला नव्हताच. मधली पोकळी कुणी भरायची? एंटविसलनं भरली, आणि नुसती भरली नाही, बेसवर चक्क लीड, म्हणजे एरवी गिटार वाजवते ती पुढची धून, वाजवलं. ते ऐकू जावं म्हणून मार्शलचे मोठाले स्पीकर आणले. मग टाउनशेंडला स्वतःचीच गिटार ऐकू येईना, त्यानंही तेच आणले. रॉक स्टेजवर ॲम्प्लिफायरच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यात या दोघांच्या चढाओढीचा वाटा मोठा आहे. दोघांच्या कानांनी पुढे त्याची किंमतही मोजली.

आता 1965. 'द हू'चं गाणं, 'माय जनरेशन'. लोक त्यातलं डाल्ट्रीचं तोतरेपण लक्षात ठेवतात. मला विचाराल तर खरी गोष्ट मधल्या बेस सोलोची आहे. रॉकच्या हिट गाण्यात मध्येच गिटार थांबते आणि बेस बोलू लागतो, हे तेव्हा जवळजवळ कुणी ऐकलंच नव्हतं. त्यासाठी एंटविसलनं डॅनइलेक्ट्रो बेस निवडला. त्याच्या तारा पातळ, आवाज तारस्वराकडे झुकलेला, हवा तसा. पण तार तुटली, आणि सुटी तार इंग्लंडमध्ये मिळेना. तारेसाठी त्यानं नवा बेस घेतला. तीही तुटली. पुन्हा नवा. तीन बेस झाल्यावर हात टेकले आणि तो सोलो फेंडर जॅझ बेसवर वाजवून टाकला. आपण आज ऐकतो तो हाच, म्हणजे एका अर्थी नाइलाजाचा.

(क्लोजअप : दोन तारा शेजारी शेजारी.)

दुखणं बेसचं नव्हतंच, तारेचं होतं. डावीकडची पाहा. आत पोलादी तार, तिच्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली. बोट लोण्यावरून फिरावं तसं फिरतं, पण सूर मऊ आणि जरा बसका. उजवीकडच्या तारेवर गोल तारेचं वेष्टन आहे. नख फिरवलं तर खर्रर्र वाजतं. हिच्यातून पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा टणत्कार निघतो. एंटविसलला तोच हवा होता, पण त्या काळच्या गोल वेष्टनाच्या तारांपैकी जाड दोन नीट वाजेनात. 1966 साली तो रोटोसाउंड या इंग्लिश कंपनीकडे गेला आणि त्यांच्याबरोबर बसून हवी तशी तार मिळवली. आज रॉक बेसिस्ट असल्या तारा सर्रास लावतात, त्यामागे हा हट्ट आहे. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, लवकर झिजतात, बोटं सोलतात, ते वेगळं.

मग 1967. सॅन फ्रान्सिस्को. 'द हू' वाद्यं फोडायचे हे जगजाहीर आहे, मोडक्या बेसचा ढीगही त्यातलाच. हॉटेलच्या खोलीत एंटविसल स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन बसला आणि पाच निकामी फेंडर बेसमधून एक चालता बेस उभा केला. एकाची बॉडी, दुसऱ्याचा नेक, तिसऱ्याचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी चुंबकं. नाव ठेवलं 'फ्रँकेन्स्टाइन'. फेब्रुवारी 1970मध्ये लीड्स विद्यापीठात झालेल्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण मिळवून ऐका, हा जोडकाम केलेला बेस तिथं गर्जतोय.

नंतर खूप वाद्यं आली. गिब्सन थंडरबर्ड, अलेंबिक, 1980च्या दशकात त्यानं स्वतः आखलेला, गिधाडासारखा दिसणारा 'बझर्ड'. शेवटी तोच बझर्ड ग्रॅफाइटमध्ये. दिसायला एकाहून एक भारी, पण माझं मन त्या पाच तुकड्यांपाशीच अडकतं. या काळात त्याचा उजवा हात मात्र बघण्यासारखा झाला होता. तार छेडण्याऐवजी चारही बोटं तिच्यावर टपटप आपटायची, टाइपरायटरवर चालावीत तशी. कचेरीत शिकला असावा, असा विनोद केल्याशिवाय राहवत नाही.

27 जून 2002. लास व्हेगस. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा दौरा सुरू व्हायचा होता. एंटविसल हॉटेलच्या खोलीत मरण पावला. वय 57. 1 जुलैला हॉलिवूड बोलमध्ये बॅंड उभा राहिला, त्याच्या जागी पिनो पॅलाडिनो होता.

पुढल्या वर्षी लंडनमध्ये सदबीजनं त्याच्या गिटारींचा लिलाव केला. कारण? मालमत्तेवर भरावा लागणारा कर. ज्या खात्यात पोरवयात फायली लावल्या, तेच खातं शेवटी दारात उभं राहिलं. त्या लिलावात पाच मोडक्या बेसमधून जोडलेला 'फ्रँकेन्स्टाइन' 62,400 पौंडांना गेला.

आता पुन्हा 1965चा तो तुकडा लावतो. हेडफोन काढू नका.

(बेस सोलो. शेवटचा सूर विरेपर्यंत कॅमेरा जागचा हलत नाही.)