काडतुसांचा प्रेस: रॅमची झीज आणि डायचा अक्ष

इंदूरहून महू जवळ, आणि तेथे लष्कराचे मार्क्समनशिप युनिट असल्यामुळे रायफलीच्या अचूकतेविषयी जाणतेपणाने बोलणारी माणसे या शहरात भेटतात. दुसरीकडे सांवेर रोडवर आणि पीथमपूरला प्रेस, डाय आणि लेथ यांवर हयात घालवलेले कारागीर आहेत. आजचा विषय या दोघांच्या सीमेवरचा आहे: काडतुसाची वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणणारा हातप्रेस आणि त्याची झीज. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळे बंदुकीची दारू आणि तिची मापे हा भाग मी बाजूला ठेवतो आणि केवळ यंत्राविषयी बोलतो.

हा हातप्रेस रचनेने साधा असतो. खाली रॅम, म्हणजे वर-खाली सरकणारा गोल खांब, त्याच्या डोक्यावर पुंगळीची कड धरणारा शेल होल्डर, वर ७/८ इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आटे असलेल्या भोकात बसवलेली डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा, आणि रॅम उचलणारी दांडा व दुव्यांची जोडणी. दुवे रॅमला सरळ वर ढकलत नाहीत; फेऱ्याच्या मध्यावर ते तिरके असतात आणि रॅमला पुढे किंवा मागे रेटतात. म्हणूनच प्रेसच्या बॉडीत रॅम ज्यात सरकतो ते भोक गोल झिजत नाही, ते पुढे-मागे लांबट होते आणि दोन्ही तोंडांशी फाकते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे माप) लावून रॅम केवळ डावीकडे-उजवीकडे हलवून पाहणारा माणूस ही झीज हमखास चुकवतो.

झिजेचे मोठे कारण मात्र वेगळेच आहे. जुना प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, बाहेर पडताना त्याच्याबरोबर जळलेली राख पडते. अनेक प्रायमरच्या मिश्रणात घर्षणासाठी काचेची बारीक पूड असते, आणि ही राख तेलकट रॅमवर बसली की तिची धातू घासून काढणारी लॅपिंग पेस्ट होते. रॅमला भरपूर तेल पाजणे ही सेवा समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. या राखेत शिसेही असते, त्यामुळे ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पोकळ रॅममधून प्रायमर थेट नळीवाटे डब्यात सोडणारी रचना मला याच कारणासाठी अधिक शहाणी वाटते.

आता या झिजेने नेमके किती बिघडते? रॅमला आधार देणारे भोक १०० मि.मी. लांब आणि प्ले, म्हणजे रॅमचा भोकातला सैलपणा, ०.०५ मि.मी. धरला, तर रॅमच्या पूर्ण कलामुळे भोकाच्या तोंडापासून ६० मि.मी. उंचीवर ०.०३ मि.मी. फरक पडतो, मूळ प्लेचा वाटा त्याखेरीज. आकडा भीतिदायक नाही, कारण पुंगळी शेल होल्डरमध्ये थोडी सैल असते आणि डायमध्ये शिरताना स्वतःच मध्य शोधते. प्ले नसलेला पण डायच्या अक्षाशी तिरका असलेला रॅम पुंगळीला ही मोकळीक देत नाही. म्हणून किंचित सैल प्रेस घट्ट पण वाकड्या प्रेसपेक्षा बरा. लवचीकपणाही झिजेहून निराळा आहे: सी आकाराची बॉडी भाराखाली पुढून उघडते आणि डायचा अक्ष कलतो, तर ओ आकाराची बॉडी तोच भार दोन्ही बाजूंनी वाटून घेते. भार नसताना घेतलेल्या मापात यातले काहीच दिसत नाही. डाय जागी पक्की करणारे चेकनटही रॅम डायवर दाबून धरूनच आवळावे, म्हणजे आट्यांतला सैलपणा एका बाजूला जाऊन डाय आपल्या जागी बसते.

पुष्कळदा प्रेसवर आळ विनाकारण येतो. पुंगळीची मान वाकडी होते ती डायमधून परत येताना, मान आतून मापाची करणारा एक्स्पांडर बॉल मानेतून ओढला जातो तेव्हा. पडताळणी सोपी आहे: काही पुंगळ्या बॉल काढून आणि काही बॉलसह मापात आणाव्यात, मग दोन्ही व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून मानेचे रनआउट, म्हणजे फिरताना पडणारा डोल, पाहावे. पहिल्या सरळ आणि दुसऱ्या वाकड्या निघाल्या, तर रॅमला हात लावू नये.

खरोखर झिजलेल्या प्रेसला बुश, म्हणजे भोकात ठोकायची नवी नळी, बसवता येतो, पण येथे आपल्या कारागिरांना एक सूचना आहे. जुन्या लांबट भोकातच भोक मोठे करणारा रीमर सोडला, तर तो झिजेच्या मागे जातो आणि नवा बुश जुना तिरकेपणा कायम करतो. आधी डायच्या आट्यांत घट्ट बसणारा मँड्रेल, म्हणजे सरळ गोल दांडा, लावून त्यावर डायल फिरवावा, बॉडी त्या अक्षाशी जुळवून बांधावी, आणि बुशचे भोक त्याच बांधणीत बोअर करावे.