थांबलेल्या गाडीवर अंगठा

(दृश्य : संध्याकाळची डोंबिवली लोकल, भरलेला डबा)

या प्रवासी मुलीचा उजवा हात वरच्या कडीत अडकलाय, मोबाइल डाव्या हातात. खेळायला उरला एक अंगठा, आणि तो स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंतच पोचतो. गेमचा मेनू मात्र वर, उजव्या कोपऱ्यात.

गेम रेल्वेचं जाळं उभारण्याचा. हिने टाकलेल्या एकाच रुळावर जलद लोकल धिम्या गाडीमागे खोळंबलीय. सिग्नलमधलं अंतर बदललं तर सुटेल. ती सोय गेममध्ये आहे, पण आधी खेळ थांबवा, मग सेटिंग, मग प्रगत, मग सिग्नल. हिला हे कुठून कळणार? ती थांबलेल्या गाडीवर अंगठा दाबून धरते. काहीच होत नाही. पुन्हा दाबते.

(दृश्य : गोरेगावातली एक खोली, चार संगणक, भिंतीवर मेनूचे कागद)

गेम इथे बनतोय. सिग्नल, वेळापत्रक हाताने बदलणं, सेव्ह केलेल्या फाइलमध्ये थेट फेरफार, सगळी अवघड कामं गेम बनवणाऱ्यांनी ‘प्रगत’ या एकाच कप्प्यात भरली होती. नवा माणूस बिचकू नये, हा हेतू.

कीबोर्डवर अशा अवघड सोयी बाजूला ठेवणं सोपं होतं. १९९६च्या ‘क्वेक’ या गेममध्ये ‘१’ या आकड्याच्या डावीकडची कळ दाबली की कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा पडदा, वरून खाली उतरायचा. ‘माइनक्राफ्ट’ गेमच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ३ दाबलं की आपण नेमके कुठे उभे आहोत त्याचे आकडे दिसतात. मोबाइलला एफ३ कुठून आणायची? म्हणून मोबाइलवरही चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत तेच आकडे जगाच्या सेटिंगमध्ये एका साध्या स्विचवर आले. तिथेच चीट्स, म्हणजे खेळाचे नियम वाकवणाऱ्या आज्ञा, चालू करायला जा, गेम आधी बजावतो की या जगात आता अचिव्हमेंट, म्हणजे कामगिरीची बक्षिसं, मिळणार नाहीत. आकडे दाखवताना अशी कुठलीही ताकीद नाही, कारण त्याने काही बिघडत नाही.

कुठली सोय हाताशी ठेवायची आणि कुठली आत, याची मला हीच कसोटी पटते. चुकलं तर मागे फिरता येतं का, एवढं बघावं.

अँड्रॉइडने वेगळी वाट धरली. फोनच्या सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, मग डेव्हलपर पर्याय, म्हणजे अॅप बनवणाऱ्यांसाठीच्या लपवलेल्या सोयी, उघडतात. लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ असतं. गेममध्ये असं करू नये, असं मी ठामपणे म्हणेन. ज्याला सांगणारं कुणी आहे त्यालाच सोय मिळते, बाकीचे गेम सोडून देतात.

(दृश्य : नवी आवृत्ती, मोबाइलचा पडदा जवळून)

आता थांबलेल्या गाडीवर अंगठा दाबून धरला की सिग्नलची पट्टी खालून वर सरकते. अंतर कमी करा, गाडी हलते. नाही जमलं तर ‘पूर्ववत’ शेजारीच आहे. फाइलमधला फेरफार मात्र सेटिंगच्या अगदी तळाशी राहिला, आणि तो उघडायच्या आधी गेम जुन्या फाइलची प्रत स्वतःच ठेवतो.

वाद उरलाय तो सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, पडतात, त्या आकड्याचा. गेम बनवणाऱ्यांपैकी दोघांना तो काढूनच टाकायचाय. माझं मत विचाराल तर तो ग्राफिक्सच्या दर्जाशेजारी ठेवावा. जुना मोबाइल तापला म्हणून दर्जा उतरवायला जो तिथे जातो, त्यालाच तो आकडा हवा असतो.