कातडं न फाडणारी गोळी

मंडळी, अमेरिकेतल्या वायोमिंग, मोंटाना, नेब्रास्काच्या माळांवर हिवाळ्यात कायोटीची शिकार चालते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. वजन दहा-पंधरा किलो, अंगाने सडसडीत, थंडीत केस दाट. मेंढपाळाला तो कोकरांपायी नकोसा, फरच्या व्यापाऱ्याला मात्र हवासा. घरी काडतुसं भरण्याचं, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत पुन्हा बंदुकीची दारू आणि गोळी भरण्याचं, खरं कोडं या व्यापाऱ्यापाशी सुरू होतं.

हरणासाठीची जड गोळी कायोटीला लागली तर पलीकडून बाहेर पडताना भलंमोठं भोक पाडते. कातडं वाया! म्हणून इथे मागणी उलटी: गोळी आत जावी, बाहेर येऊ नये. पातळ तांब्याच्या कवचाची हलकी गोळी प्रचंड वेगाने शिरली की आतच फुटून विखुरते. पण तीच जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटते, आणि जनावर जखमी होऊन पळतं. याइतकं वाईट काही नाही. कातडंही गेलं आणि जीवही हालहाल होऊन गेला. म्हणून कवच किती जाड आणि वेग किती, याचा मेळ घरी भरणारा जमवत बसतो.

ही खटपट जुनी आहे. .२२-२५० हे काडतूस कित्येक वर्षं निव्वळ हौशी मंडळींचं होतं. .२५० सॅव्हेजची पुंगळी घ्यायची आणि तिची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, सुमारे .२२ इंच जाडीची गोळी बसेल इतकी आवळायची. रेमिंग्टन या बंदूक कंपनीने ते अधिकृत केलं १९६५ साली! कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली सुरू केलेल्या उद्योगाची कथा तर आणखी गमतीची. युद्धामुळे गोळ्यांची टंचाई होती, तेव्हा त्यांच्या साच्यात .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळ्यांपासूनच गोळीचं कवच घडवता यायचं. त्या साच्याला नाव दिलं ‘रॉक चक’, म्हणजे डोंगरातला मार्मोट. काडतुसं भरण्याची अवजारं बनवणारी आरसीबीएस ही कंपनी त्यातूनच उभी राहिली.

कृती थोडक्यात सांगतो. पुंगळी साच्यातून काढून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. दारूचं माप मी सांगणार नाही आणि तुम्हीही कुणाच्या तोंडून ऐकून घेऊ नका. उत्पादकांची पुस्तकं असतात, त्यातल्या खालच्या मापापासून सुरुवात करायची. .१७ रेमिंग्टनसारख्या चिमुकल्या काडतुसात गोळीच २५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.६ ग्रॅम. तिथे दारूतला किंचित फरकही जाणवतो, आणि अरुंद नळीत तांब्याचा थर लवकर साचतो. शिवाय ऑगस्टच्या उन्हात जमवलेला मेळ शून्याखालच्या पहाटे तसाच राहील याची खात्री नाही. काही दारूंचा दाब तापमानाबरोबर बदलतो. म्हणून शिकारीच्या हवेतच निशाणा तपासावा.

पैसे वाचतात का? माझ्या मते फारसे नाही. साच्यांवर आणि तराजूवर खर्च होतो, आणि स्वस्तात पडतंय म्हणून माणूस जास्त गोळ्या झाडतो.

आता बाजारही बदलतोय. कोटाच्या टोपीला कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ साली फर बंद करण्याचं जाहीर केलं. ज्याला कातडं विकायचंच नाही, फक्त कोकरं वाचवायची आहेत, त्याला भोकाची फिकीर कशाला? त्याने दुकानातलं तयार .२२३ काडतूस घ्यावं, जरा दणकट गोळीचं, आणि जनावर जागीच पडेल असा नेम धरावा.