कविता नेमकी कुठे अडते?

मित्रहो,

एका ओळीपासून सुरुवात करतो. बा. सी. मर्ढेकरांची ती ओळ तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. ही ओळ मी आजवर पुष्कळ वाचकांसमोर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला: इथे ओलं काय आहे? बहुतेकांनी उत्तर दिलं, उंदीर. त्यात चांगले वाचणारे होते, स्वतः लिहिणारेही होते.

आता व्याकरण बघा. उंदीर अनेक आहेत, ‘मेले’ म्हटलंय. ते ओले असते तर ‘ओले उंदीर’ झालं असतं. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे. मराठीत विशेषण असं रूप घेतं ते ज्या नामाचं आहे ते नाम विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय घेऊन आलं असेल तेव्हा. ओळीत असं नाम एकच आहे, ‘पिपांत’. म्हणजे ओलं आहे ते पीप. गद्यात ही ओळ ‘ओल्या पिपात उंदीर मेले’ अशी होईल. कवीने विशेषण त्याच्या नामापासून तोडलं आणि क्रियापदाच्या पलीकडे, थेट उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवलं. त्यामुळे ओल पिपाचीच राहते, पण वाचताना ती उंदरांनाही लागते. हा परिणाम ज्याला जाणवला त्याला ओळ भिडते. ज्याला ‘ओल्या’ कुणाचं हेच लागलं नाही, त्याला नुसतं काहीतरी खटकत राहतं, आणि तो मनाशी म्हणतो, ‘नवकविता आहे, आपल्याला कळायची नाही.’

मला आज सांगायचं आहे ते एवढ्याशी बांधलेलं आहे. ‘मला कविता कळत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाची अडचण बहुतेक वेळा त्याला वाटते त्यापेक्षा खूप अलीकडे असते. त्याला वाटतं, कवितेत खोल कुठेतरी गुपित दडवलेलं आहे, इतरांना ते दिसतं आणि आपल्याकडे ती दृष्टी नाही. प्रत्यक्षात त्याचं वाक्यच लागलेलं नसतं. कर्ता कोण, क्रियापद कुठलं, विशेषण कुणाचं, ‘ती’ म्हणजे कोण, हे निसटलेलं असतं. आणि ते निसटलंय हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण आपण सगळे पहिल्या वाचनातच ‘कवीला काय म्हणायचं आहे’ या प्रश्नाकडे धाव घेतो. जमिनीवर पाय ठेवण्याआधी माडीवर चढायचा हा प्रयत्न आहे.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. आय. ए. रिचर्ड्स या केंब्रिजमधल्या प्राध्यापकांनी एक साधा प्रयोग केला. कवितांवरची कवींची नावं काढून टाकली, त्या विद्यार्थ्यांना दिल्या, पुन्हा पुन्हा वाचायला वेळ दिला आणि काय वाटलं ते मोकळेपणाने लिहून आणायला सांगितलं. 1929 साली त्यांनी तेरा कवितांवरचे हे अभिप्राय पुस्तकरूपाने मांडले. नावं नसल्यावर नावाजलेल्या कवींच्या कविता नापसंत झाल्या आणि सामान्य कवितांना भरभरून दाद मिळाली, ही गोष्ट बरेच जण सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. वाचकांच्या अडचणींची रिचर्ड्स यांनी दहा कलमी यादी केली, आणि त्यात पहिल्या क्रमांकावर प्रतीकं नाहीत, तत्त्वज्ञान नाही, कवीचं चरित्रही नाही. पहिली अडचण आहे साधा, सरळ अर्थ न लागणं. साहित्य हाच ज्यांचा अभ्यासविषय, अशांपैकीही पुष्कळांना तो लागला नव्हता.

आपल्याकडे यावरचा उपाय फार जुना आहे आणि त्याचं नाव अन्वय. पद्यातले शब्द गद्याच्या क्रमाने मांडून वाक्य सोडवायचं. कालिदासाच्या रघुवंशावर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं विवेचन, लिहिताना मल्लिनाथ सुरुवातीलाच आपली पद्धत सांगतो: ‘इहान्वयमुखेनैव सर्वं व्याख्यायते मया। नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते॥’ इथे मी सगळं अन्वयाच्या वाटेनेच उलगडणार आहे. मुळात नाही असं काही लिहिणार नाही, गरज नाही असं काही बोलणार नाही. कवितेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हा श्लोक डोळ्यांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. एवढा मोठा टीकाकार, पण आधी शब्दाला शब्द जोडून देतो. ज्या वाचकाला हे मिळालं नाही त्याला आपण ‘अरसिक’ म्हणून मोकळे होतो, हा त्याच्यावर अन्याय आहे.

कुणी म्हणेल, अन्वय लावला की कविता मरते. मला तसा अनुभव नाही. अन्वय लावून झाल्यावर मूळ ओळीकडे परत यायचं असतं, आणि तेव्हाच कळतं की कवीने क्रम का मोडला. ‘ओल्या’ आपल्या जागी असता तर ती एक बातमी झाली असती.

वाक्य लागलं तरी सगळ्यांना कविता आवडेल असं नाही. इथे मला हजार वर्षं मागे जायचं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. सातही सांगत बसत नाही. त्यातलं एक मात्र मला फार जवळचं वाटतं: ‘निजसुखादिविवशीभाव’. आपल्याच सुखदुःखाच्या कह्यात असलेला माणूस समोरच्या कलेपर्यंत पोचू शकत नाही.

माझे वडील गेले त्या वर्षी मला एकही कविता वाचवेना. कवितेत ‘हात’ हा शब्द आला की मला त्यांचे हात दिसत. कवितेतला हात कुणाचा आहे, तो काय करतोय, याच्याशी माझा संबंधच उरत नसे. डोळे भरून यायचे, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं, किती रसिक माणूस आहे. पण मी कविता वाचत नव्हतो, तिच्या निमित्ताने माझं दुःख वाचत होतो. रिचर्ड्स यांच्या यादीतही हे आहे: वाचकाच्या खासगी आठवणी, ज्यांचा कवितेशी काही संबंध नसतो, त्या मध्ये येतात आणि कवितेला बाजूला सारतात. काश्मीर आणि केंब्रिज, मध्ये सुमारे नऊशे वर्षं, आणि वाचक अडखळतो ती जागा तीच.

याचं उलटं रूपही असतं. आईवरची कविता दिसली की ती चांगलीच असणार, पाऊस आला की हुरहुर वाटलीच पाहिजे, असे साचे आपल्या मनात आधीच तयार असतात. कविता त्या साच्यात बसली की आवडते, नाही बसली की ‘कळली नाही’. ‘कळली नाही’ म्हणणारे कित्येकदा प्रत्यक्षात ‘मला अपेक्षित होतं ते मिळालं नाही’ असं म्हणत असतात.

अभिनवगुप्ताच्या यादीत मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. सगळा दोष तो प्रेक्षकाच्या माथी मारत नाही. ‘स्फुटत्वाभाव’ हेही विघ्न, म्हणजे जे दाखवायचं ते स्पष्ट उभंच राहत नाही. ‘संशययोग’ हेही विघ्न, म्हणजे भाव कुठला याचा पत्ताच लागत नाही. ही विघ्नं कलाकृतीतली आहेत. म्हणून वाचकाला माझं सांगणं असतं की दोनदा, तीनदा नीट वाचून, अन्वय लावूनही एखादी कविता धूसरच राहिली, तर ती कविताच कच्ची असण्याची शक्यता मोकळेपणाने धरा. दुर्बोध असणं आणि धड न जमलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करायला वाचकाला धीर लागतो. तो धीर आपण, म्हणजे कवितेची बाजू घेऊन बोलणारे आम्ही लोक, त्याला फारसा देत नाही.

आणखी एक अडचण थोडक्यात सांगतो, कारण ती असलेल्यांना ती अडचण आहे हेच बहुधा माहीत नसतं. ‘शब्दांनी चित्र उभं केलं’ असं आपण सहज म्हणतो. पण काही माणसांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. डोळे मिटून झाड आठवायला सांगितलं तर त्यांना झाडाविषयी सगळं ठाऊक असतं, दिसत मात्र काही नाही. या स्थितीला 2015 साली अ‍ॅडम झेमन या मेंदूतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘अफँटेसिया’ असं नाव दिलं. अशा वाचकाला ‘बघा, कसं डोळ्यांसमोर येतं!’ असं म्हणणं निरुपयोगी आहे. त्याला कवितेचं दुसरं दार दाखवायला हवं, आणि ते दार कानाचं आहे.

कान म्हटल्यावर पुन्हा त्याच ओळीकडे वळतो. मर्ढेकर ‘उंदीर’ लिहीत नाहीत, ‘उंदिर’ लिहितात. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, आणि अनुस्वार असलेल्या अक्षराच्याही दोनच, अशा मात्रा मोजा. ‘पिपांत मेले’, आठ. ‘ओल्या उंदिर’, आठ. ‘दी’ दीर्घ ठेवला असता तर दुसरा तुकडा नऊचा झाला असता. आठ आणि आठ, एकसारखे ठोके, आणि त्यावर हे मेलेले उंदीर. तालाची ही शांत, नेटकी चाल आणि आतलं ते दृश्य यांच्यात जे घर्षण होतं तिथे ही ओळ घडते. मनातल्या मनात भराभर वाचणाऱ्याला ते ऐकूच येत नाही. आज आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं डोळ्यांनी चाळायचं असतं. त्या वेगाने कविता वाचली तर हाती फक्त मजकूर लागतो, आणि नुसता मजकूर म्हणून पाहिलं तर पुष्कळ चांगल्या कवितांत फारसं नवं काही नसतं.

निजसुखाच्या विवशतेवर अभिनवगुप्त जो उपाय सांगतो तोही बघा. वाद्यं, गाणं, सजवलेला मंडप. म्हणजे प्रेक्षकाच्या मनाला त्याच्या स्वतःच्या गोष्टींमधून हळूच बाहेर काढतील अशा गोष्टी. कागदावरची कविता वाचणाऱ्यापाशी यातलं काही नसतं. त्याच्यापाशी असतो तो तिचा नाद, तिची लय. म्हणून मी मोठ्याने वाचा म्हणतो, आणि ते कळवळून सांगतो. त्या वाईट वर्षाच्या शेवटी मी कवितेकडे परत आलो तो अर्थाच्या वाटेने नव्हे. एका रात्री एक जुनी, पाठ असलेली कविता नुसती म्हणत बसलो. चौथ्या-पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी तिच्यातल्या माणसाचा विचार करतोय, माझा नाही.

‘सहृदय’ हा शब्द आपण जन्मजात गुणासारखा वापरतो. अभिनवगुप्ताने ‘लोचन’ या ध्वन्यालोकावरच्या आपल्या टीकेत त्याची जी व्याख्या केली आहे तिची सुरुवातच ‘काव्यानुशीलनाभ्यासवशात्’ अशी आहे. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, ते सहृदय. अभ्यासाने! म्हणजे कविता न कळणाऱ्या माणसात काही उणं आहे असं तो म्हणत नाही. त्याचा आरसा अजून पुसून झालेला नाही, एवढंच.

वेळ होत आला आहे, पण एक कविता जाता जाता तुमच्याबरोबर वाचतो. बालकवींची ‘औदुंबर’. अवघ्या आठ ओळी. तिच्यातला औदुंबर म्हणजे कोण, विरक्त पुरुष की मृत्यूकडे शांतपणे पाहणारा जीव, यावर किती चर्चा झाली आहे! ती चर्चा आज बाजूला ठेवा. प्रतीक शोधू नका. फक्त ओळीत काय आहे ते बघा.

आधी रंग बघू. पहिल्या ओळीत ‘हिरवाळी’. मग ‘निळासांवळा’ झरा. मग शेतमळ्यांची ‘हिरवी गर्दी’. मग ‘पांढरी’ पायवाट. ती ‘हिरव्या’ कुरणांमधून ‘काळ्या’ डोहाकडे चालते. मग पाण्यावर ‘गोड काळिमा’. हिरव्यापासून निघून आपण काळ्यापाशी आलो, आणि त्या काळ्याला कवीने ‘गोड’ म्हटलं आहे. आता शेवटची ओळ: ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. इथे रंगच नाही. एवढं हिरवं झाड, आणि कवी त्याला रंग देत नाही.

आता क्रियापदं. झरा वाहतो. पायवाट पडते, चालते. काळिमा पसरतो. सगळं हलतंय, पुढे सरकतंय. एकटा औदुंबर बसला आहे.

आणि मग तो एक शब्द, ‘असला’. आधीच्या सात ओळींत समोरचं दृश्य सांगणारा आवाज कुठे बोट दाखवत नाही. इथे दाखवतो. असला औदुंबर. असला म्हणजे कसला? झाडाचं वर्णन तर कुठेच केलेलं नाही. शब्द विचारतोय, आणि उत्तरासाठी मागे वळावं लागतं, काळ्या डोहाकडून पांढऱ्या वाटेने, चार घरांच्या त्या चिमुकल्या गावावरून, थेट पहिल्या ओळीतल्या हिरवाळीपर्यंत. आपण एकदा सगळे मिळून मोठ्याने वाचू. ‘बसला’ नंतर किंचित थांबा.