‘लकी’ म्हणजे कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

‘लकी’ हा शब्द कानांवर पडला की आपल्याला लकी ड्रॉची सोडत आठवते. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात मात्र कोणी ‘चला, लकी वूडकडे’ असे म्हणाले, तर वूड नावाच्या एका पोक्त बाईच्या मद्यगृहात जायचे आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच समजत असे. बाईच्या नावाआधी लागणाऱ्या या बिरुदाविषयी आज मी बोलणार आहे.

जुन्या स्कॉट्स भाषेत बाईला मानाने संबोधायचे, तर बहुधा ती कोणाची कोण हे आधी पाहिले जाई. नाइट किताब मिळालेल्याची पत्नी ‘डेम’ होई. हा शब्द लॅटिनमधील ‘डोमिना’पासून, म्हणजे घरची धनीण या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. जमीनदाराला ‘लेअर्ड’ म्हणत आणि तो उमराव नसला तरी त्याच्या पत्नीला त्या जमिनीच्या नावासह ‘लेडी’ म्हणण्याची रीत होती. १६०३ साली ‘एन गॉडली ड्रीम’ हे काव्य छापून प्रसिद्ध करणारी एलिझाबेथ मेलव्हिल अशीच ‘लेडी कूरॉस’ म्हणून ओळखली गेली. यातले मेलव्हिल हे तिचे माहेरचे आडनाव आहे, कारण स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बायका माहेरचे आडनाव सोडत नसत. मान नवऱ्याच्या जमिनीचा आणि नाव वडिलांचे, असा हा मोठा मजेदार मामला होता.

‘लकी’ला मात्र जमीन लागत नव्हती आणि किताबही लागत नव्हता. कोशकार या शब्दाचा संबंध ‘भाग्यवान’ या अर्थाच्या नेहमीच्या विशेषणाशीच जोडतात. वडीलधाऱ्या माणसाला लाडाने आणि आदराने हाक मारताना तो वापरात आला. ‘मिनी’ म्हणजे आई आणि ‘लकी-मिनी’ म्हणजे आजी, तसेच ‘लकी-डॅडी’ म्हणजे आजोबा. घरातला हा शब्द पुढे वयस्क बायकांना, सुइणींना आणि विशेषतः मद्यगृह चालवणाऱ्या बायकांना लागू झाला. यात नवल नाही, कारण स्कॉटलंडच्या गावांत एल नावाची बिअर बनवणे आणि विकणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हाती होते.

लकी वूडचे मद्यगृह कॅननगेट भागात, होलीरूड राजवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होते. ती गेल्यावर ॲलन रॅम्झी या कवीने, जो त्या काळी केसांचे टोप बनवून पोट भरत होता, तिच्यावर विलापिका लिहिली. विलापिकेत थट्टा आहेच, परंतु तिच्या घराचे वर्णन तो मनापासून करतो. घर नीटनेटके आणि भरलेले, आणि कथलाची भांडी अशी घासलेली की पाहणाऱ्याच्या डोळ्यांना चांदीची वाटावीत. सुरुवातीलाच तो कॅननगेटची कीव करतो आणि त्याच्या दुर्दशेचे दोन धनी सांगतो: लंडन आणि मृत्यू. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाले, एडिनबराची संसद बंद झाली, बडी मंडळी लंडनकडे वळली आणि या रस्त्यावरच्या धंद्यांचा आधारच गेला. त्यात आता ही बाईही गेली. एका मद्यविक्रेतीचा मृत्यू आणि एका देशाची संसद यांना एकाच ओळीत बसवणे, हा मला त्या बिरुदाचा खरा मान वाटतो.

अर्थात हे बिरुद सोवळे राहिले नाही. याच रॅम्झीने कुंटणखाना चालवणाऱ्या लकी स्पेन्सच्या तोंडी तिचा अखेरचा उपदेश घातला आहे, आणि तिथेही ‘लकी’ आहेच. ही हाक बाईच्या चारित्र्याचा दाखला मागत नव्हती. वय झालेले आणि चार माणसे सांभाळण्याची धमक अंगी असलेली पुरे होते.

रॉबर्ट फर्ग्युसन हा कवी १७७४ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. ताज्या कालवांवरच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांवरच्या कवितेत तो सांगतो की गटारे ओढ्यांसारखी वाहू लागली आणि अंग चिंब भिजले, तर सरळ लकी मिडलमिस्टकडे उडी मारावी, आणि कालवे व घोटभर जिन घेऊन उबेत बसावे. ती कशी दिसत होती, तिचा नवरा कोण होता, यातले तो काहीही सांगत नाही. एडिनबराच्या वाचकाला पत्ता कळण्यासाठी तेवढे नाव पुरत होते.

नमस्कार.